दुसऱ्या बांधीतली रोवणी

गोंडपिपरीच्या वाचनालयात ती बाई रोज माझ्यासमोर बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. चाळिशीची असेल. पुढ्यात लॅपटॉप आणि काच तडकलेला जुना फोन. एका खेळाचा सर्वांना खुला असलेला सोर्स कोड आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, घेऊन, त्या फोनवर चालेल असा खेळ ती लॅपटॉपवर तयार करत होती. चूक आली की धानाच्या रोवणीला चिखलात उतरावं तसा पदर खोचायची आणि पुन्हा सुरुवात करायची.

"फोनचं काम लॅपटॉपवर काऊन?" मी एकदा विचारलं.

"भाऊ, धानाच्या रोपांचे पऱ्हे शेताच्या एका बांधीत टाकतो, उपटून रोवतो दुसऱ्या बांधीत. तसंच हे. पण रोवाच्या बांधीची माती ध्यानात ठेवा लागते."

तरी महिनाभर, खेळाचे सगळे भाग एकत्र जोडायच्या शेवटच्या टप्प्यात सगळं अडायचं. एका दुपारी तिनं कपाळावर हात मारला. "आवाजाची लायब्ररी मी लॅपटॉपसाठीच बनवून राह्यली होती, भाऊ!"

तिनं ती लायब्ररी फोनसाठी नव्यानं बनवली, खेळ फोनात टाकला आणि बोट टेकवलं. खेळाचे नगारे वाचनालयभर दणाणले.

तिनं आवाज कमी केला नाही. 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसलेले ग्रंथपाल उठले, तिच्यामागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अजून वाढवा, बाई."