फेसाआडचा वाद

देवपुरातल्या आमच्या न्हाव्याला वाद घालायचा तर गिऱ्हाइकाचं तोंड फेसाने भरलेलं लागतं. "मच्छरदानीतून वारा जास ना भाऊ, तसा मास्कमधून व्हायरस जास," हे तो माझ्या गालावर वस्तरा टेकवूनच म्हणतो. मला मास्क पटतो, पण वस्तऱ्याखाली कोण बोलणार?

परवा मात्र त्यानेच मास्क लावला होता आणि दाढी संपेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. फेस पुसून झाल्यावर तो दारापर्यंत मागे सरकला.

"मनं म्हननं तेच शे," तो म्हणाला. "पन कालपासून खोकला शे, आनि तुमना घर आजारी अक्का शे."

माझं तोंड आता मोकळं होतं, उत्तरंही कधीची तयार होती. मी दाढीचे पैसे आरशापुढे ठेवले आणि विचारलं, "खोकल्याचं औषध घेतलं का?"