उन्हात वाळणारे वॉकर

ओल्या अ‍ॅल्युमिनियमवर कोवळं ऊन पडलं की एक मंद, निळसर उजेड हवेत तरंगू लागतो. हिवाळ्यातल्या सकाळी यवतमाळच्या त्या अंगणात नुकतेच धुतलेले वॉकर ओळीने उभे असायचे. सडपातळ पायांची हरणं पाण्यावर येऊन थबकावीत तसे. रस्त्याने कापसाच्या गाड्या जात, त्यांतून सुटलेले पुंजके कुंपण ओलांडून येत आणि त्या ओल्या दांड्यांना अलगद चिकटत. माणसांना पुन्हा चालायला लावणाऱ्या या वस्तू स्वतः किती निश्चल असतात!

रुग्णांना लागणारं साहित्य विनामूल्य वापरायला देणारी ती एक छोटी संस्था. कॉलेजच्या इंटर्नशिपसाठी मी तिथे तीन महिने जात होते. परत आलेली वस्तू धुवायची, वाळवायची, पुढच्याच्या हाती द्यायची, एवढंच काम. ते शिकवलं वानखडेकाकांनी. एसटीच्या कार्यशाळेत उभं आयुष्य गेलेलं, आता व्हीलचेअरची चाकं दुरुस्त करत बसायचे. मी एकेका दांडीवर रेंगाळू लागले की हसून विचारत, "तू धुऊन राह्यली का वाचून राह्यली?"

त्यांचा नियम एकच. वस्तू परत आणणाऱ्याला आधी पाणी द्यायचं आणि काहीही विचारायचं नाही. माणूस उठून चालू लागला तरी वस्तू परत येते, आणि माणूस उरला नाही तरीही. पहिल्याच आठवड्यात मी तो नियम मोडला. पुसदकडच्या तांड्यावरून आलेल्या एका आजींनी व्हीलचेअर टेकवली आणि मी मोठ्या आपुलकीने विचारलं, आजोबा चालतात ना आता? त्या ग्लासातल्या पाण्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुले काय ठाऊक, माय."

मला ठाऊक नव्हतं? बाबांना जाऊन चार महिने झाले होते, आणि याच संस्थेतून आणलेला त्यांचा वॉकर अजून घरी खाटेशेजारी उभा होता. आई त्याच्याभोवतीने झाडून घेई. दिवसभर मी परक्यांचे वॉकर धुवायची आणि संध्याकाळी त्या एकाला हात न लावता त्याच्याजवळ वाचत बसायची. तो तिथे आहे तोवर बाबा जणू अजून उठायचेच आहेत, असं वाटे. दुःखालाही टेकायला काही लागत असेल का? काकांना सारं माहीत होतं. त्यांनी कधी विचारलं नाही.

एका दुपारी उमरखेडचा एक माणूस आला. त्याच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, परवा दवाखान्यातून सुट्टी मिळणार होती. तिला फक्त ओट्यापर्यंत जाता यावं, तिथून रस्ता दिसतो, असं तो सांगत होता. त्या दिवशी अंगण रिकामं होतं. एकही वॉकर उरला नव्हता. उद्या एकदा विचारून जा, असं काका त्याला म्हणाले आणि चाकात तेल घालत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या न पाहण्यात किती माया होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने बाबांचा वॉकर पदराने पुसून दिला. ऑटोत मी तो घडी करून मांडीवर धरला. काकांनी पाहिलं, आत गेले, ग्लास भरून आणला. मी पाणी प्यायले, अगदी सावकाश. घोटाघोटाने संपणारा तो ग्लास म्हणजे न बोलण्यासाठी दिलेली सवड असते, हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी तो नुसता भरून देत होते.

मग धुवायला बसले. डाव्या मुठीचा स्पंज बाबांच्या अंगठ्याने दबून खोलगट झाला होता. काका नवी मूठ घेऊन शेजारी उभे राहिले. "बदलू का, पोरी?"

मी त्या खळग्यात माझा अंगठा ठेवून पाहिला. बसला नाही; लहान पडला. उमरखेडच्या त्या आजींच्या अंगठ्यालाही आपली जागा आपणच करायची होती.

"बदला, काका."

काढलेली मूठ त्यांनी फेकली नाही. माझ्या पुस्तकांच्या पिशवीशेजारी ठेवली. वॉकर उन्हात उभा राहिला, एकटाच, त्याची सावली शिडीसारखी अंगणभर लांबलेली. कुठूनसा कापसाचा पुंजका आला आणि ओल्या दांडीवर टेकला. एरवी मी असे पुंजके टिपून घ्यायची. तो मात्र उमरखेडपर्यंत जाऊ दिला.