बाराची पाती

बस डेपोच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळी गल्ली फिटरकाका म्हणायची. हात सोन्याचा, आणि तोंड म्हणाल तर विचारू नका. स्वतःची जुनी चारचाकी त्यांनी दुरुस्तीला सहसा दुसऱ्याच्या हाती दिली नाही. वर्षातून एकदा, सकाळी इंजिन गार असताना, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते टॅपेट सेट करायला बसत. मदतीला काकू. काकू शिवणकाम करायच्या, पण त्या दिवशी मशीन बंद. काका "फिरव" म्हणाले की पान्यानं इंजिन थोडं फिरवायचं, "बस" म्हणाले की थांबायचं. "अख्ख्या संसारात यांचं मी ऐकते असा हा एकच तास," असं त्या शेजारणींना सांगायच्या.

गेल्या वर्षी मात्र सेटिंगनंतर दोनच महिन्यांत गाडीनं मान टाकली. मुलगी दवाखान्यात नर्स, ड्यूटीला गाडी तीच न्यायची. आठवडाभर बिचारी सांगत होती, "बाबा, गाडी ओढत नाही हो." काकांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," एवढं बोलले. मग एक दिवस भर चढावर गाडी बंद पडली. इंजिन उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरचा धूर सोडणारा एक्झॉस्ट वॉल्व जळलेला. गॅरेजमधल्या चार माणसांसमोर काका म्हणाले, "पोरगी रेटून चालवते. जळणार नाही तर काय होणार?"

घरी येऊन मुलीनं गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली ती अडकवलीच. तेव्हापासून ती तासभर आधी निघते, दोन बस बदलते. बापाशी बोलते ते कामापुरतं. भांडली असती तर काकांनी दोन शब्द जास्त सुनावून विषय संपवला असता. तिच्या गप्प राहण्यावर त्यांच्याकडे औषध नव्हतं.

नवा वॉल्व बसवून आणलेली गाडी या वर्षी फारशी चालली नव्हती, तरी नेम तो नेम. काकांनी वरचं झाकण काढलं. टॅपेट आणि वॉल्वच्या मध्ये केसाएवढी फट ठेवायची असते, ती मोजायला वेगवेगळ्या जाडीच्या, आकडे घातलेल्या पोलादी पात्यांचा जुडगा असतो. हवा आत घेणाऱ्या वॉल्वला आठाची पाती, धूर सोडणाऱ्याला बाराची. पाती फटीत घालून स्क्रू आवळायचा आणि ती ओढून बघायची. किंचित अडली पाहिजे, पण निघाली पाहिजे. ते किंचित किती, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं, बोटांनाच कळतं.

"झालं," तिसऱ्या सिलिंडरवरून हात काढत काका म्हणाले.

काकूंनी पाती पुसायला घेतली आणि थांबल्या. "अहो, हिच्यावर चरा पडलाय."

"जुना असेल."

"जुना हा. गंजलाय. हा बघा शेजारी, आत्ताचा. चकाकतोय." काकूंनी पाती परत त्याच फटीत घालून बघितली. जाईना. "केवढी आवळलीत ही! ओढून काढताना कळलं नाही तुम्हाला?"

काकांनी पाती हातात घेतली. एकाला एक लागून दोन चरे. वर्ष-दीड वर्षापासून बोटांची टोकं बधिर झाली होती. चहाचा गरम पेला हातात धरला तरी चटका बसत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, साखरेनं नसा गेल्यात. काकांनी ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. अडकलेली पाती त्यांनी नुसत्या ताकदीनं उपसून काढली होती, आज आणि गेल्या वर्षीही. फटच नसली की वॉल्व पुरता बसत नाही, आग निसटत राहते आणि वॉल्व जळतो. डेपोत हे त्यांनीच पन्नास पोरांना शिकवलं होतं.

त्यांना लाज वाटली. एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात मुलगी खांद्याला पर्स लावून मागच्या दारानं निघाली, बस गाठायला. पाती पुसून जुडगा मिटला असता तर काकू काही बोलल्या नसत्या, हेही काकांना माहीत होतं.

"इकडे ये जरा," काका म्हणाले.

ती आली. त्यांनी पाती तिच्या हातात दिली. "हा जुना चरा गेल्या वर्षीचा. वॉल्व मी जाळला. तू नाही. माझ्या बोटांना काही कळत नाही आता."

मुलीनं दोन्ही चऱ्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "चार माणसांत बोललात, बाबा."

"बोललो."

"आणि हे घरातल्या घरात सांगताय."

"गॅरेजमध्ये जाऊन सांगतो. आजच."

तिनं पर्स खाली ठेवली, दवाखान्यात उशीर होईल म्हणून फोन केला आणि बाह्या वर केल्या. काका शेजारी बसून सांगत होते, काकू फिरवत होत्या, पाती मुलगी ओढत होती. आठही टॅपेट तिनं पुन्हा सेट केले. प्रत्येक वेळी ती विचारायची, "एवढंच ना?" आणि काकांना म्हणावं लागायचं, "मला कळत नाही, तूच ठरव."

मग तिनं खिळ्यावरची किल्ली काढली. काका पहिल्यांदाच बाजूच्या सीटवर बसले. आधी गॅरेज झालं. त्या चार माणसांतली दोनच होती. त्या दोघांना त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. पुढे तो चढ आला, गाडी चढली, आणि दवाखाना येईपर्यंत काकांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

परत यायला दोन बस लागल्या. पहिलीत जागा नव्हती, दुसरीला चाळीस मिनिटं वाट बघावी लागली. काका उभ्यानं आले. दांडी घट्ट धरलीय की नाही हे बोटांना कळत नव्हतं, म्हणून सारखे वर बघत होते. पोरगी इतके महिने रोज असंच जात होती.

"कशी चालवली?" दारातच काकूंनी विचारलं.

"नीट," काका म्हणाले. चप्पल काढताना ते जरा थांबले. "आधीही नीटच चालवायची."