‘अडली’ लिहिण्याआधी

बाई अडली, असे नेमके कोणत्या क्षणी म्हणायचे? मी डॉक्टर आहे, आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. तरी या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही, हे आधीच कबूल करते. आमच्या प्रसूतिगृहाच्या ज्येष्ठ परिचारिका जमनाबाई यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना हा प्रश्न टाळता येत नाही, कारण आमची ओळखच या शब्दावरून झाली.

नंदुरबारला रुजू झाले त्या दिवशी कोरीट गावची एक पहिलटकरीण दाखल होती. तिच्या कळा मंदावल्या होत्या. मी तपासले, केसपेपरवर ‘अडली’ असे लिहिले आणि ऑपरेशनसाठी मोठ्या डॉक्टरांना निरोप धाडायला निघाले. जमनाबाईंनी कागद वाचला.

“डॉक्टरबाई, पोर अडनं शे का तुम्ही अडनात?”

मला राग आला. “कळा थांबल्यात, दिसत नाही का तुम्हाला?”

“थांबनी शे. थांबनं येगळं, अडनं येगळं.”

त्यांनी त्या मुलीला लघवीला नेले, पेज पाजली, तिच्या आईला आत बोलावले आणि दोघींना व्हरांड्यात फिरायला लावले. “मायलेकी बाजारले निंघनात, आशा चाला,” असे म्हणत त्या मागून चालत होत्या. दुपारी बाळ आपल्या वाटेने आले. मी कागदावरचा शब्द खोडला.

‘अडली’ हा शब्द एकट्याने लिहायचा नाही, ही जमनाबाईंची रीत. आधी बाईला उभे करायचे, तिच्या पोटात काही घालायचे, ओळखीचे माणूस जवळ बसवायचे. मग दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे तपासायचे. दोघांचे एकमत झाले तरच सुरी. मोठे डॉक्टरही ही रीत पाळीत. मी आले त्या सुमारास भूल देणारे डॉक्टर नेमाने येऊ लागले होते. सोय चांगलीच, पण सोय झाली तशी आम्हा नव्या लोकांना सुरी लवकर आठवू लागली. पूर्वी जिथे आम्ही वाट पाहिली असती, तिथे आम्ही घड्याळ पाहू लागलो.

जमनाबाई ऑपरेशनच्या विरुद्ध आहेत, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. तापीकाठच्या एका गुजर घरातल्या सुनेचे बाळ आडवे होते, त्याचा हात बाहेर आला होता. सासू दारात उभी राहून म्हणत होती, पोट फाडू देणार नाही. जमनाबाईंनी तिला हाताला धरून आत नेले. “मायबाई, दख. हाऊ हात शे, डोकं नही. आते वाट दखशात ते दोन्ही जातीन.” सासू हो म्हणाली तेव्हा मी पाहिले, तर जमनाबाईंनी हत्यारे केव्हाच उकळत ठेवलेली होती. आई आणि बाळ दोघेही वाचले.

आता माझ्या चुकीविषयी लिहिते. जमनाबाई एका लग्नाला गेल्या होत्या. तोरणमाळहून भुरी नावाच्या बाईला तिच्या घरच्यांनी आणले. कारकुनाने विचारले, कळा कधीपासून? नवरा म्हणाला, परवा सकाळपासून. मी दोन दिवस धरले, घाबरले, एकटीनेच ‘अडली’ लिहिले. दोन दिवस ऐकून मोठ्या डॉक्टरांनीही पुन्हा तपासले नाही, ऑपरेशन झाले. मुलगी झाली, दोघी बऱ्या होत्या, आणि मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

जमनाबाई परत आल्या. नोकरीची पहिली वर्षे त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी काढली आहेत, तिथली पावरी बोली त्यांना घरच्यासारखी येते. त्या नवऱ्याजवळ जमिनीवर बसल्या. कळा कधीपासून, हे त्यांनी विचारलेच नाही. घर सोडताना भुरी काय करत होती, घाट कसा उतरली, एवढेच विचारले. भुरीने भाकरी भाजल्या होत्या, घाट ती स्वतःच्या पायांनी उतरली होती. खऱ्या कळा खाली बैलगाडीत बसल्यावर सुरू झाल्या. वाट लांब, म्हणून डोंगरावरची माणसे जरा दुखले की निघतात, आणि कळा मोजतात त्या घर सोडल्यापासून. मला हे माहीत नव्हते, आणि मी दुसऱ्या कोणाला विचारलेही नव्हते.

जमनाबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “तिना पोटले आते टाका शे. पुढली खेपले तिले हाऊ घाट कोन उतारी?” मग माझ्यासमोर चहा ठेवला. “प्या, आनि चाला. आजून दोन बाया वाट दखी ऱ्हायन्यात.” त्यांनी ही गोष्ट पुन्हा कधी काढली नाही.

टाका पडलेल्या गर्भपिशवीला पुढच्या कळांत फाटण्याची भीती असते. तोरणमाळच्या झोपडीत ती फाटली तर बाई वाचत नाही. भुरीला पुन्हा दिवस गेले आहेत, आठवा लागला आहे. नवऱ्याने बाजारात कोणाकडे तरी निरोप दिला, ती येणार नाही. इस्पितळात गेले की कापतात, असे ती म्हणते. तिला हे मी शिकवले आहे.

हे ऐकून जमनाबाई, सुजलेले गुडघे घेऊन, स्वतः घाट चढायला निघाल्या. अशा बाईंना साठीच्या निमित्ताने काय चिंतावे? त्यांना भरपूर आयुष्य मिळो, पायांना बळ राहो, आणि आमच्यासारख्यांना खडसावायला त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो.

मी त्यांना जाऊ दिले नाही. त्यांच्याकडून एक वाक्य पावरीत शिकून पाठ केले आणि मंगळवारी मीच तोरणमाळला गेले. भुरीच्या अंगणात उभी राहून मी ते वाक्य म्हटले : मागच्या वेळी चूक माझी होती, तुझी वेळ झाली नव्हती. तिने मला ते दोनदा म्हणायला लावले, आणि माझ्या उच्चारांना हसली. शेळ्या कोण बघेल, हे तिने विचारले. म्हणून भुरी, तिची मुलगी आणि दोन शेळ्या, सगळ्यांना मी खाली आणले आहे. बाळंत होईपर्यंत ती माझ्या खोलीत राहते आहे.