तेरड्याविना गौर

आमच्या गावात गौर मुखवट्याची नसते, तेरड्याची असते. सुकापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. भाद्रपदात घरातल्या मुली उतारावरचा फुललेला तेरडा मुळांसकट उपटून आणतात, तीच गौर. आणताना बोलायचं नाही. गौर उंबरठ्याच्या आत आली की मगच तोंड उघडायचं.

आमच्या घरात मी पहिली पदवीधर. वडील तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जायचे. मला कॉलेजात टिकवलं ते वनस्पतिशास्त्राच्या सरांनी. पुस्तकं त्यांची, डबाही कधी कधी त्यांच्याच घरचा. आमच्या साध्या तेरड्याला शास्त्रीय नाव आहे हे त्यांनी सांगितलं, तेव्हा मला डोंगराचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

मी शेवटच्या वर्षाला असताना सरांनी आमचा डोंगर फुलवायचं ठरवलं. कॉसमॉस या पिवळ्या विलायती फुलाच्या बियांच्या पिशव्या घेऊन ते गावात आले. देवळापुढे माझ्या काकीने विचारलं, "सर, आमच्या तेरड्याला काय व्हनार नाय ना?"

"अहो ताई, पायवाटेच्या वरच टाकणार. खाली एक बी येणार नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सर सांगतायत ना."

काकी हसली. "बाय शिकली, आता डोंगर पन शिकल."

पहिल्या वर्षी वर पिवळा पट्टा फुलला. लांबून सुंदरच दिसायचा. मग दर पावसात बी खाली उतरत गेलं. पुढे मी पनवेलच्या एका शाळेत शिकवायला लागले. एका वर्षी गौर आणायला चुलत बहिणींबरोबर गेले, तर पायवाटेखाली कमरेएवढा कॉसमॉस माजलेला. त्याच्या सावलीत तेरड्याच्या चार फिकट काड्या, फूल एकीलाही नाही. बहिणींनी माझ्याकडे पाहिलं. बोलायचं नव्हतं, म्हणून कोणी काही विचारलं नाही. त्या काड्याच उपटल्या आणि निघालो.

आई दारात हळदकुंकू घेऊन उभी होती. "इतकीच गो?"

उंबरठा ओलांडून मी त्या काड्या पाटावर ठेवल्या.

गणपती उठल्यावर सरांकडे गेले. भिंतीवर आमच्या पिवळ्या डोंगराचा मोठा फोटो होता. मी तेरड्याचं सांगितलं.

"पसरणारच गं," ते म्हणाले. "बाहेरची वनस्पती, दुसऱ्याला जागा देत नाही. ते तर मला माहीतच होतं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत, सर?"

"सांगितलं असतं तर गावाने टाकू दिलं असतं का? तू होतीस म्हणून सोपं गेलं." आणि मायेने माझ्यापुढे चहाचा कप सरकवला.

चहा प्यायले. निघताना नेहमीसारखी वाकून पाया पडले. शरीराला तीच सवय होती.

आता दर श्रावणात, कॉसमॉसला फूल धरायच्या आत, आम्ही तो उपटायला जातो. सगळा उतार काही आवाक्यात येत नाही. अंगणाएवढ्या जागेत तेरडा पुन्हा फुलतो, त्यातून लहानशी गौर होते. उपटता उपटता काकी दर वर्षी एकदा तरी विचारतेच, "सरांना ठाव नव्हता ना गो?"

तिने हे मी गौर घेऊन येताना विचारावं, असं मला वाटतं. तेव्हा बोलायचं नसतं.