गुरुजींचा आवाज आणि बुधवारचा बाजार

आमच्या गावच्या कोरोना समितीतले आम्ही चौघं आता लग्नाकार्यात भेटलो की पहिली दहा मिनिटं पाऊस-पाण्याचं बोलतो. मग कोणीतरी म्हणतं, "ती रिक्षा आठवती का?" आणि जेवणाची पंगत उठली तरी आम्ही बसलेलेच. ठरवून कोणी काही सांगत नाही. एकातून दुसरं निघत जातं.

मी ग्रामपंचायतीत क्लार्क. गाव तळेगाव ढमढेऱ्याच्या थोडं पुढं. समितीत उपसरपंच विलासआप्पा, आशाताई सुनीता, रिक्षावाला बबन आणि मी. पाचवे गायकवाड गुरुजी. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी शिकवलेलं.

*

स्पीकरवरची अनाउन्समेंट गुरुजींच्या आवाजात करायची ठरली. ऑफिसातला फॅन बंद करून मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. "नमस्कार, मी गायकवाड गुरुजी बोलतोय. घरातच थांबा. मास्क नाकावर घ्या. खोकला असेल तर आशाताईंना कळवा." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून बबनची रिक्षा तेच वाजवत गाव आणि वाड्या फिरू लागली.

पारावर धर्माआबा बसलेले असायचे. स्पीकरनं "मास्क नाकावर घ्या" म्हटलं की ते हात वर करून म्हणायचे, "घेतला, गुरुजी." बबन एकदा हसून म्हणाला, "आबा, ते मशीन हाय." आबा शांतपणे म्हणाले, "मशीन आसंल. पर काल मी मास्क काढला व्हता, तवा ते दोनदा बोललं."

*

बंद ठेवलेल्या बुधवारच्या बाजाराची मीटिंग शाळेच्या पटांगणात झाली, सगळे लांब लांब बसलेले. आप्पा तापले होते. "शेतकऱ्यानं फ्लॉवर जनावरांपुढं टाकला. अजून किती दिवस बंद ठेवायचा बाजार?" त्यांचंही खरं होतं. त्यांनी स्वतःचा दीड एकर तसाच नांगरून टाकला होता.

गुरुजींनी सुनीताला विचारलं, "आज ऑक्सिजनचे बेड किती मोकळे?"

तिनं फोनमध्ये बघून सांगितलं, "शिरूरला एक पण न्हाई. दौंडला एक हाय."

"एक हाय की मग," आप्पा म्हणाले.

"आहे ना," गुरुजी म्हणाले. "तो आपल्यातल्या कोणासाठी ठेवायचा तेवढं सांगा. मग उद्याच उघडू बाजार."

आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो आणि मग एकमेकांकडं बघणंही नको वाटलं. बाजार बंदच राहिला.

चौथ्या दिवशी गुरुजींना धाप लागली. सुनीतानं दुपारभर फोन केले. एकच बेड मिळाला. दौंडला.

*

गुरुजी दौंडला गेले, पण रिक्षा फिरतच होती. गुरुजींच्या दारापुढं आवाज नको, म्हणून बबननं त्या आळीत स्पीकर बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेस, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो, त्यांचा ऑफिसला फोन. "काल गाडी का बोलली न्हाई?"

मी चाचरत कारण सांगितलं.

"बंद नका ठेवू. गाडी येती तवाच मी चहा टाकते."

मग बबन स्पीकर चालू ठेवून गेला. माई कप घेऊन बाहेर आल्या. बबनला वाटलं आपल्यालाच, म्हणून त्यानं हात पुढं केला. माईंनी कप मागच्या सीटवर, स्पीकरशेजारी ठेवला आणि दार लावून घेतलं.

बबन सांगतो, शेवटच्या वाडीवर पोचून बघितलं तर कप रिकामा. खड्ड्यात सांडला असंल म्हणून त्यानं सीट चाचपली. सीट कोरडी होती. पाच दिवस तसंच. सहाव्या दिवसापासून त्यानं मागं बघायचं सोडून दिलं.

*

मी गुरुजींना रोज फोन करायचो. एकदा बोलता बोलता रिक्षा ऑफिसवरून गेली.

"कोण बोलतंय रे तिथं?" त्यांनी विचारलं.

"गुरुजी, तुम्हीच की. आपलं रेकॉर्डिंग."

पलीकडून ऑक्सिजनचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "त्याला दम लागत नाही वाटतं."

"न्हाई, गुरुजी."

"मग त्याला फिरू दे."

मी जयभीम म्हणून फोन ठेवला. ते आमचं शेवटचं बोलणं. सोमवारी दुपारी गुरुजी गेले. बबननं स्पीकरमधलं मेमरी कार्ड काढून माईंच्या हातात दिलं. त्यांनी ते गुरुजींच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं.

*

तीन आठवड्यांनी वरून सवलत आली. बाजाराचं गावानं ठरवायचं होतं. सुनीता म्हणाली, "आज दौंडला सहा बेड मोकळे हायेत, पण आजून थांबू." आप्पा म्हणाले उघडू. बबन सुनीताच्या बाजूनं, गुरुजींच्या जागी आलेले सरपंच आप्पांच्या. राहिलो मी. मी हात वर केला, उघडण्यासाठी. तो हात मला अजून जड वाटतो.

या वेळी आप्पांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं. "बुधवारी बाजार भरेल, सगळ्यांनी अंतर ठेवून यावं." नव्या कार्डावर. मी स्वतः ऐकून खात्री केली. मंगळवारी रिक्षा सगळ्या वाड्या फिरून आली.

बुधवारी सकाळी आप्पांनी आणि मी बाजारतळावर चुन्याचे गोल आखले. नऊ वाजले, दहा वाजले. एक पाटी आली नाही. एक माणूस नाही.

शेवटी आम्ही मळ्यातल्या यसूआजीकडं गेलो. भाजी विकण्यात ती कायम पहिली. ती दारात मेथी निवडत बसली होती.

"आजी, बाजाराला का आला न्हाई?"

"गाडीनं सांगितलं न्हवं, दोन बुधवार थांबा म्हणून."

आप्पा म्हणाले, "आजी, तो माझा आवाज व्हता. मी या म्हणलो व्हतो."

आजीनं मान वर केली. "तुजा आवाज मला कळत न्हाई व्हय, विलास? गुरुजी बोलत व्हते."

आम्ही दुसऱ्या वाडीवर गेलो. मग तिसऱ्या. दोन बुधवार. दोन बुधवार. गुरुजींच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये बुधवार हा शब्दच नव्हता.

येताना माईंच्या घरी थांबलो. त्यांनी न विचारता डबी उघडून दाखवली. चष्मा होता, कार्ड होतं.

आप्पा परत बाजारतळावर आले. चपलेनं चुन्याचा एकेक गोल पुसत गेले. मी काही बोलणार तोच म्हणाले, "गुरुजी दोन बुधवार म्हणलेत ना. मग दोन बुधवार."