राजाच्या माथ्यावर काय असावे

कोणत्याही गोष्टीचा निकाल लागू न देण्याच्या कलेत आमच्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर सापडला नसता. हिचे हे मामा बुऱ्हाणपुरात शाळामास्तर होते. मुलांना त्रैराशिक घटकाभरात शिकवीत. पण बुद्धिबळातल्या राजाच्या माथ्यावर काय असावे, एवढा एक प्रश्न त्यांना अकरा वर्षे सुटला नाही. मी तिथल्याच कचेरीत कारकून, आणि वर घरचा जावई, त्यामुळे पळून जायची सोय नव्हती. रविवार उजाडला की ‘जावईबापू, जरा हा नमुना बघा’ अशी हाक यायची आणि मी निमूटपणे टोपी चढवायचो.

या वेडाला कारण घडले होते. दापोऱ्याचे एक पाटील, केळीचे बागायतदार, दर बाजारच्या दिवशी मामांच्या दारात बैलगाडी सोडून डाव मांडायला बसत. सोंगट्या जुन्या, लाकडी. हाताळून हाताळून राजाचा शेंडा इतका झिजलेला की राजा आणि वजीर जुळे भाऊ दिसत. पाटील प्याद्याने मात करण्यात पटाईत, आणि प्यादेमात खाणे म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणे. अशा पाटलांना मामांनी एका दुपारी कोंडीत पकडले. ‘मात!’ म्हणून आरोळी ठोकली, उपरणे उडवले, आणि आळीभर जिलबी वाटली. सगळ्यांची बोटे चाटून झाल्यावर पाटील शांतपणे म्हणाले, “मास्तर, जिलबी चांगली होती. पण तुम्ही कोंडला तो माझा वजीर. राजा तर हा इकडे बसेल आहे.” आणि पुढच्या चार खेळ्यांत त्यांनी मामांवर प्यादेमात केली.

मामांनी त्याच बैठकीत शपथ घेतली. नवा डाव कातून घेईन, त्यातला राजा आंधळ्यालाही ओळखू येईल, आणि त्याच डावात पाटलांना हरवीन. तोवर सोंगटीला हात लावणार नाही. पाटील हसले. त्यांना वाटले, महिनाभराचा प्रश्न आहे.

सिंधीपुऱ्यात लाकूड कातणारा एक म्हातारा खरादी होता, त्याचे ग्रह फिरले. पहिल्यांदा राजाच्या माथ्यावर कळस झाला. मामा म्हणाले, “देवळाच्या कळसाला शह द्यायचा? नरकातसुद्धा जागा मिळायची नाही.” मग पगडी झाली, पण पगडीवाला राजा हरला म्हणजे पगडी गेली, ती कुणाची म्हणायची? घुमट केला, तर “घुमट थडग्यावर असतो, जावईबापू, हा राजा अजून जिवंत आहे.” मी बिचाऱ्याने खटपट करून साहेबाच्या क्लबातून मोडीत निघालेला डाव आणला. त्यातल्या राजाच्या डोक्यावर क्रूस. मामांनी तो दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “याला मी मात करायची, आणि उद्या शाळा तपासायला गोरा इन्स्पेक्टर यायचा!” तुरा केला तो पहिल्याच दिवशी मोडला. कमळाची कळी मला मनापासून आवडली होती, पण मामी म्हणाल्या, लसणीचा गड्डा दिसतो, आणि मामा आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. नाकारलेले राजे कोनाड्यात साठत गेले. त्यातल्या एकाने मामी वेलदोडे कुटत. खरादी एकदा हात जोडून म्हणाला, “मास्तरसाब, आता रावणच बनवून घ्या. दहा मुंडक्यांवर दहा नमुने बसवून देतो, झगडाच खतम.”

पाटील मात येत राहिले. केळी ठेवायची, चहा घ्यायचा, “मास्तर, झाला का राजा?” विचारायचे आणि जायचे. मग एका बाजारी ते दाराची चौकट चाचपडत आत आले. डोळ्यांवर पडदा आला होता. बसले आणि म्हणाले, “माले आता दिसत नही, मास्तर. राजा कसाही करा, बोटाले समजला की बास. पण लवकर करा.”

मामा उठले ते तडक सिंधीपुऱ्यात गेले. राजाच्या माथ्यावर एक खोल खाच, वजिराचा माथा गुळगुळीत. ना कळस, ना पगडी. एका दुपारीत काम झाले. ती खाच पाहून मला रडू यायचे बाकी राहिले. सोंगट्यांवर लाखेचा रंग चढून वाळेपर्यंत पंधरवडा गेला, आणि तेवढ्यात पाटलांनी अंथरूण धरले.

आम्ही दोघे डाव घेऊन दापोऱ्याला गेलो. पाटलांना सुनेने उशीला टेकवून बसवले. त्यांनी एकेक सोंगटी चाचपली, खाचेत नख घातले आणि म्हणाले, “हा राजा. जमला, मास्तर.” डाव सुरू झाला. पाटलांच्या हातून सोंगट्या पडत होत्या, मी उचलून ठेवीत होतो. मामा जिंकत होते. बुद्धिबळातले मला फारसे कळत नाही, पण पुढच्या खेळीत मात आहे हे मलाही दिसत होते. अकरा वर्षांची मात. तेवढ्यात पाटलांचा हात पटावर फिरत फिरत मामांच्या वजिरावर थांबला. गुळगुळीत माथ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी प्यादे पुढे सरकवले. “हा राजा ना, मास्तर? मग झाली प्यादेमात.”

मी तोंड उघडले. मामांनी माझा गुडघा घट्ट दाबला.

“हो, पाटील. राजाच तो. मात झाली.”

पाटलांनी सुनेला हाक मारून मास्तरांना गूळ द्यायला सांगितले. मामांनी तो खाल्ला, चांगला आहे म्हणाले. परतताना गाडीत ते तो राजा मुठीत धरून बसले होते. गाव मागे पडल्यावर म्हणाले, “खाच चांगली खोल होती, जावईबापू.”

त्याच महिन्यात पाटील गेले. डाव उपरण्यात बांधून कोनाड्यात गेला आणि माझ्या रविवारच्या हाका बंद झाल्या. त्या हाकांना मी किती कंटाळलो होतो! आता न बोलावता जातो. परवा मुद्दामच, मामा भांडतील म्हणून, मी म्हटले, “मामा, ती कमळाची कळी काही वाईट नव्हती.”

मामांनी कोनाड्याकडे पाहिले. “चालली असती,” ते म्हणाले. “कुठलीही चालली असती.”